धाकटा थांबला, थोरला गेला: कॅन्ससमधल्या एका छोट्या काउंटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातली ही काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग. सुमारे 900 चौरस मैल जमीन, वस्ती तीन हजारांच्या आत. नजर पोहोचेल तिथवर गहू, मका, ज्वारी आणि गुरांचे फीडलॉट, म्हणजे गुरं पोसायचे मोठे गोठे. (हो, ज्वारी. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते; भाकरी मात्र कुणी करत नाही, बरीचशी गुरांच्या पोटात नाहीतर इथेनॉलच्या टाकीत जाते.) गाव म्हणावं असं एकच. तिथे न्यायालय, एलेव्हेटर म्हणतात ती धान्याची उंच कोठारं, एक शाळा आणि मोजक्या खाटांचं हॉस्पिटल.

2024 आणि 2025 मध्ये या काउंटीच्या अंदाजपत्रकाच्या कामात मी बाहेरचा सल्लागार म्हणून होतो. पुढे लिहिलंय ते हजेरीच्या नोंदी, कमिशनच्या बैठका आणि संबंधितांशी झालेल्या बोलण्यावरून. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं दिलेली नाहीत.

आपल्याकडे शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल आठवतात. ते मानाचं पद, अधिकार जवळजवळ नाहीत. कॅन्ससचा शेरीफ दर चार वर्षांनी मतं मागून निवडून येतो, कमरेला पिस्तूल लावतो, काउंटीचं जेल चालवतो आणि समन्सही बजावतो. राज्यातल्या 105 काउंट्यांपैकी 104 मध्ये शेरीफ आहे; एकट्या रायली काउंटीने 1974 पासून एकत्रित पोलीस खातं चालवलंय. डेप्युटी म्हणजे शेरीफने नेमलेला अंमलदार. नेमणं, बढती देणं, काढणं शेरीफच्या हातात. पगाराचे पैसे मात्र निवडून आलेल्या काउंटी कमिशनच्या हातात. एकाची माणसं आणि दुसऱ्याची तिजोरी, ही रचना ध्यानात ठेवली तर पुढचं बरंच काही उलगडतं.

आणखी एक फरक आधीच सांगतो, कारण मराठी वाचक इथे हमखास अडखळतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई राज्याच्या नोकरीत असतो. प्रशिक्षण विद्यालयात नऊ महिने काढतो, मग ठाण्यात येतो, कंटाळला तर बदलीसाठी अर्ज करतो. कॅन्ससच्या डेप्युटीला बदली हा प्रकारच नाही. शेजारच्या काउंटीत जायचं तर राजीनामा देऊन नव्याने अर्ज करायचा. त्यामुळे आपल्याकडे जी नाराजी बदलीच्या अर्जात जिरते, ती तिथे थेट राजीनाम्यातून बाहेर येते.

कार्यालयात शेरीफ, त्याच्या खालोखालचा अंडरशेरीफ, तीन डेप्युटी आणि जेल व डिस्पॅच (म्हणजे मदतीचे फोन घेऊन रेडिओवरून माणसं धाडायचं टेबल) मिळून सांभाळणारी काही माणसं. तिघा डेप्युटींना आपण थोरला, मधला आणि धाकटा म्हणू. थोरला चव्वेचाळीस वर्षांचा, एकोणीस वर्षं याच काउंटीत. मधला सहा वर्षांचा अनुभवी. धाकटा या प्रकरणाचा नायक, निदान सगळ्यांचा समज तरी तसाच होता.

धाकटा आला कसा

कॅन्ससमध्ये अंमलदार व्हायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात. शाळा अठराव्या वर्षी संपते. मधल्या तीन वर्षांत होतकरू पोरगा एलेव्हेटरवर, तेलाच्या विहिरीवर नाहीतर सैन्यात जातो आणि पुन्हा हाती लागत नाही. छोट्या काउंट्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे त्याला आधी जेलमध्ये आणि डिस्पॅचच्या टेबलावर बसवायचं. धाकटा असाच एकोणिसाव्या वर्षी आला. रात्री रेडिओ सांभाळायचा, कैद्यांना जेवण द्यायचा, फोन घ्यायचा. दोन वर्षांत त्याला काउंटीतला प्रत्येक मातीचा रस्ता आवाजावरून पाठ झाला. कोणत्या घरातून शनिवारी रात्री फोन येतो, कोणती आजी पडली की आधी मुलीला कळवायचं, हे त्याला प्रशिक्षणाआधीच ठाऊक होतं.

2023 च्या वसंतात तो एकवीसचा झाला आणि शेरीफने त्याला डेप्युटी नेमलं.

इथे पहिला निर्णय आला. राज्याच्या नियमाप्रमाणे नेमणुकीपासून एका वर्षाच्या आत मूलभूत प्रशिक्षण पुरं करायचं. तोवर तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काम करता येतं. लगेच पाठवायचं, की गव्हाची कापणी उरकून? जून-जुलैत रस्त्यावर कंबाइन आणि धान्याचे ट्रक रात्रंदिवस असतात, अपघात वाढतात, परराज्यांतल्या कापणीच्या टोळ्या येतात. शेरीफने कापणीपुरतं त्याला अंडरशेरीफच्या गाडीत बसवलं आणि सप्टेंबरच्या तुकडीत जागा घेतली. यात मला काही वावगं दिसत नाही. उन्हाळाभर तो एकटा कधीच नव्हता.

योडरचे चौदा आठवडे

कॅन्सस लॉ एन्फोर्समेंट ट्रेनिंग सेंटर हे हचिन्सनजवळ योडर गावापाशी, नौदलाच्या जुन्या विमानतळावर आहे. 1968 मध्ये स्थापन झालं, कॅन्सस विद्यापीठ चालवतं. विचिटासारख्या मोठ्या शहरांची स्वतःची अकादमी आहे, हायवे पेट्रोलची, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांची, सलायनाला वेगळी. बाकी राज्यभरातले बहुतेक शेरीफ आणि छोट्या गावांचे पोलीस आपली माणसं योडरलाच धाडतात. योडर आमिश लोकांचं, म्हणजे मोटारी न वापरणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं गाव. आत गाडी वेगाने चालवायचं प्रशिक्षण आणि बाहेर रस्त्यावर घोड्यांच्या बग्ग्या.

अभ्यासक्रम किमान 560 तासांचा. कायदा, झडती आणि अटकेचे नियम, गोळीबार, हातघाई, वाहन चालवणं, अपघाताचा तपास, अहवाल लिहिणं आणि मग नाटकं. नाटकं म्हणजे प्रशिक्षक दारुडा होतो, मार खाल्लेली बायको होतो, ओरडणारा शेजारी होतो आणि तुम्ही दार वाजवायचं. या नाटकांत धाकट्याला चांगले गुण पडले. ही 560 तासांची गोष्ट आपल्या नऊ महिन्यांशेजारी ठेवली तर तोकडी वाटते. पण तिथली योजना अशी की खरं शिक्षण नंतर, रस्त्यावर, अनुभवी माणसाच्या शेजारी बसून व्हायचं. अकादमी हा पूर्वार्ध.

उत्तरार्धाची पद्धत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पोलिसांनी 1972 मध्ये बसवली आणि देशभर पसरली. नवा अंमलदार काही आठवडे फील्ड ट्रेनिंग ऑफिसरबरोबर, म्हणजे सगळे म्हणतात त्या एफटीओबरोबर, फिरतो. रोज एक तक्ता भरला जातो. तीसेक मुद्दे, प्रत्येकाला एक ते सात गुण. दर टप्प्याला प्रशिक्षक बदलतो, पाळी बदलते. शेवटच्या टप्प्यात पहिला प्रशिक्षक साध्या कपड्यांत शेजारी गप्प बसून फक्त बघतो. प्रशिक्षक बदलण्यामागे हेतू असा की एकाच्या लोभाने किंवा रागाने कुणाचं भवितव्य ठरू नये.

या काउंटीत एफटीओचा कोर्स केलेला एकच माणूस होता. थोरला. म्हणजे सगळे टप्पे त्याचेच आणि गुणही त्याचेच. त्यासाठी वेगळा भत्ता नव्हता. आपली पाळी करायची, समन्स बजावायचे, परराज्यातून आणलेल्या गाड्यांचे चासी नंबर तपासायचे, नोंदणीतल्या गुन्हेगारांची तिमाही हजेरी घ्यायची, आणि हे सगळं करता करता शेजारच्या सीटवरच्या पोराला शिकवायचं. तक्ता घरी, जेवणाच्या टेबलावर भरायचा.

अडचण

डिसेंबर 2023 च्या मध्यावर धाकटा योडरहून परतला. बारा आठवड्यांचं फील्ड ट्रेनिंग ठरलं होतं. पाचव्या आठवड्यात, जानेवारीच्या बर्फात, हायवेवर आलेली गुरं हाकताना मधला घसरला. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, माणूस कित्येक महिने घरी.

उरले थोरला, अंडरशेरीफ आणि शेरीफ स्वतः. आठवड्याच्या सात रात्री कुणी करायच्या? दोन माणसं एका गाडीत बसवणं आता चैन वाटू लागलं. थोरल्याचे तक्ते बरे होते. चार-पाच गुणांच्या खाली फारसं काही नव्हतं. शेरीफने धाकट्याला एकट्याने रात्रपाळीवर सोडलं. लेखी आदेश नाही, "सध्यापुरतं" एवढंच. सरकारी कामात "सध्यापुरतं" किती टिकतं हे मराठी वाचकाला सांगायला नको.

थोरला या निर्णयाच्या विरोधात होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा बोलला नाही, कारण बोलला असता तर त्या रात्री त्याच्याच वाट्याला आल्या असत्या.

फेब्रुवारीतली रात्र

रात्री अकराच्या सुमारास एका शेतावरून आईचा फोन आला. तिशीतला मुलगा यंत्रांच्या शेडमध्ये रायफल घेऊन बसलाय, जगायचं नाही म्हणतोय. धाकटा निघाला. थोरला सुट्टीवर, पंचवीस मैल दूर आपल्या घरी झोपलेला. हायवे पेट्रोलचा जवळचा जवान शेजारच्या काउंटीत, एका अपघातावर.

धाकटा शेताच्या वाटेच्या तोंडाशी, टपालपेटीपाशी थांबला. दिवे मालवले. डिस्पॅचला, म्हणजे ज्या टेबलावर तो दोन वर्षं बसला होता त्याच टेबलावरच्या बाईला, सांगितलं की आईला मागच्या दाराने बाहेर काढा आणि गाडीत बसवून माझ्याकडे पाठवा. आई आली. मग त्याने त्या मुलाच्या मोबाइलवर फोन लावला. दोघं एकमेकांना सहकारी सोसायटीच्या दुकानातून ओळखत होते. बोलणं निघालं ते कालवडींचं. फेब्रुवारी म्हणजे विण्याचे दिवस, आणि त्या शेडमागे दोन अडलेल्या कालवडी होत्या. त्यांच्याकडे रात्री कोण बघणार, इथून सुरू झालेलं बोलणं पाऊण तास चाललं. तोवर थोरला पोहोचला. मुलगा रायफल आत ठेवून हात दाखवत बाहेर आला.

कागदावर प्रकरण इथे यशस्वी झालं. पण धाकट्याची रात्र संपली नव्हती. कॅन्ससच्या पश्चिम भागातल्या अशा रुग्णांसाठी सरकारी मनोरुग्णालय लार्नेडला आहे. तिथे नेण्याआधी तपासणी लागते, मग खाट लागते. गावच्या हॉस्पिटलात व्हिडिओवरून तपासणी झाली आणि खाटेची वाट बघणं सुरू झालं. रुग्ण ताब्यात असल्याने डेप्युटीने जागचं हलायचं नाही. धाकटा रात्रभर खुर्चीवर, सकाळी तिथेच, आणि खाट मिळाल्यावर दुपारी लार्नेडला नेऊन सोडायलाही तोच. तेवढा वेळ काउंटीच्या 900 चौरस मैलांत थोरला एकटा.

मार्चमध्ये धाकट्याने शेरीफला सांगितलं की त्याने एका मोठ्या शहराच्या पोलीस खात्यात अर्ज केलाय. शेरीफने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "योडरला मला जे शिकवलं ते सगळं दोन माणसं आहेत असं धरून शिकवलं होतं. तुम्ही मला सात आठवडे आधीच एक केलंत."

कोणते पर्याय होते

कमिशनच्या बैठकीत पहिल्यांदा विषय आला तेव्हा सगळ्यांनी तो एकाच चष्म्यातून पाहिला: आम्ही शिकवतो, शहरं पळवतात. यात तथ्य आहे. चौदा आठवडे पगार काउंटीने दिला, जागा रिकामी ठेवली, आणि तयार माणूस घ्यायला शहराला काहीच मोजावं लागत नाही. त्यामुळे पहिला पर्याय पुढे आला तो बॉन्डचा. दोन वर्षं थांब, नाहीतर प्रशिक्षणाचा खर्च भर.

धाकट्याने नेमणुकीच्या वेळी असं काहीच लिहून दिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबाबतीत हा पर्याय निव्वळ रागाचा होता. पुढच्या भरतीसाठी उपयोगाचा, पण मर्यादित. गावातल्याच पोरावर काउंटीने दावा लावायचा, आणि समन्स बजावायचं खातं कोणतं तर शेरीफचंच. बैठकीत हे कुणीतरी बोललं आणि हशा पिकला.

दुसरा पर्याय पैशांचा. शहराच्या पगाराशी बरोबरी होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरी चर्चा निवृत्तिवेतनाची झाली. राज्यात पोलीस आणि अग्निशमन दलासाठी केपी अँड एफ नावाची वेगळी योजना आहे. 25 वर्षं नोकरी झाली की पन्नासाव्या वर्षी निवृत्त होता येतं. कर्मचाऱ्याचा वाटा पगाराच्या 7.15 टक्के. काउंटीने त्यात यायचं की नाही हे काउंटीने ठरवायचं, आणि यायचं तर मालकाचा वाटा पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. ही काउंटी सर्वसाधारण योजनेत होती. केपी अँड एफ घ्यायचं तर मालमत्ता कर वाढणार. 2021 पासून कॅन्ससमध्ये नियम आहे की गेल्या वर्षीपेक्षा जास्त मालमत्ता कर गोळा करायचा तर आधी नोटीस, जाहीर सुनावणी आणि नोंदवलेलं मतदान हवं. तीन हजार वस्तीच्या काउंटीत सुनावणीला येणारा प्रत्येक माणूस कमिशनरच्या नातेवाइकाचा नातेवाईक. कर वाढवण्यापेक्षा डेप्युटी गमावणं राजकीयदृष्ट्या स्वस्त, हे कुणी बोललं नाही, पण हिशोब तोच होता.

तिसरा, आधीच प्रमाणपत्र असलेला माणूस बाहेरून घ्यायचा. ऐकायला सोपं. पण चांगला तयार माणूस या कोपऱ्यात कशाला येईल? जो येतो त्याच्या मागच्या तीन नोकऱ्या का सुटल्या ते विचारावं लागतं. चौथा, शेजारच्या काउंटीशी विलीनीकरण. त्यावर कुणी दहा मिनिटंही बोललं नाही. आपला शेरीफ आपण निवडतो, विषय संपला.

पाचवा पर्याय अंडरशेरीफने मांडला, आणि तो प्रश्नाच्या जास्त जवळ होता. पोरगा पैशांसाठी चाललाय की अर्धवट सोडल्यामुळे, ते आधी बघा. राहिलेले सात आठवडे पुरे करा. आपल्याकडे माणूस नसेल तर शेजाऱ्याकडून उसना घ्या.

2024 हे शेरीफच्या निवडणुकीचं वर्ष होतं हेही विसरून चालणार नाही. अशा काउंटीत ऑगस्टची रिपब्लिकन प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, हीच खरी निवडणूक. शेरीफला प्रतिस्पर्धी होता. नवा शेरीफ आला तर डेप्युटीला ठेवायला बांधील नाही. धाकट्याच्या अर्जामागे ही धाकधूकही होती.

काय केलं

मे महिन्यात दोन काउंट्यांमध्ये लेखी करार झाला. धाकट्याचं फील्ड ट्रेनिंग जिथे तुटलं तिथून पुन्हा सुरू झालं: चार आठवडे शेजारच्या काउंटीत त्यांच्या एफटीओबरोबर, तीन आठवडे घरी थोरल्याबरोबर. बदल्यात त्यांच्या कैद्यांची काही ने-आण आपण करायची. दुसऱ्या काउंटीच्या प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी टिपल्या ज्या थोरल्याच्या तक्त्यात नव्हत्या. धाकटा गाडी थांबवताना रेडिओवर ठिकाण उशिरा सांगतो, आणि अहवालात स्वतः काय पाहिलं व दुसऱ्याने काय सांगितलं याची सरमिसळ करतो. दोन्ही सवयी थोरल्याच्याच होत्या. दोन डोळ्यांऐवजी चार डोळे का हवेत, याला याहून चांगला दाखला नको.

दुसरं, शस्त्र किंवा मनोविकाराची शंका असलेल्या फोनला आपोआप दोन माणसं, दुसरा शेजारच्या काउंटीचा असला तरी चालेल. पहिल्याने पोहोचून लांब थांबायचं, तातडीने जीव वाचवायचा नसेल तर आत शिरायचं नाही. धाकट्याला चाळीस तासांच्या क्रायसिस इंटरव्हेन्शन कोर्सला पाठवलं. 1988 मध्ये मेम्फिसमधून सुरू झालेला हा कोर्स मनोविकाराच्या संकटात बोलायचं कसं ते शिकवतो. धाकटा परत येऊन म्हणाला, बरंच काही आपण त्या रात्री केलंच होतं, पण आता का केलं ते कळलं.

बॉन्ड फक्त पुढच्या भरतीसाठी, दोन वर्षांचा, महिन्यागणिक कमी होणारा. पगारात माफक वाढ. केपी अँड एफ पुढच्या वर्षावर ढकललं.

अंदाजपत्रकाच्या मसुद्यात आणखी एक ओळ होती: एफटीओला प्रशिक्षणाच्या तासांपुरता भत्ता. रक्कम इतकी किरकोळ की मी तिच्यावर टीपही लिहिली नव्हती. सुनावणीआधी कपात करताना ती उडाली. एका कमिशनरचं म्हणणं होतं की तो माणूस हे काम एवीतेवी करतोच आहे.

पुढे काय झालं

धाकट्याने शहराचा अर्ज मागे घेतला. शेरीफ प्राथमिक फेरीत निवडून आला. मधला शरद ऋतूत कामावर परतला. सगळ्यांना वाटलं, सुटलं.

2025 च्या वसंतात थोरल्याने राजीनामा दिला. पवनचक्क्यांच्या देखभालीची नोकरी मिळाली. दिवसाचं काम, रात्री घरी. निरोपाच्या कॉफीला त्याने तक्रारीचा सूर लावला नाही. एकोणीस वर्षांत किती नवे शिकवले विचारल्यावर त्याने नावं घ्यायला सुरुवात केली आणि बरीच झाल्यावर थांबला. त्यातला धाकटा वगळता काउंटीत कुणी उरलं नव्हतं. मधला बाहेरून शिकून आलेला.

मग हिशोब आला. केंद्रीय कामगार कायद्यात पोलिसांसाठी खास तरतूद आहे: 28 दिवसांच्या चक्रात 171 तासांनंतर जादा काम धरतात. सरकारी मालक जादा कामाचे पैसे न देता दीडपट रजा, म्हणजे कॉम्प टाइम, देऊ शकतो. पोलिसांसाठी कमाल 480 तासांपर्यंत. 320 तास जास्त राबलं की 480 तासांची रजा खात्यावर. काउंटीला हे सोयीचं वाटतं, कारण त्या वर्षी खिशातून काही जात नाही. रजा घ्यायला मात्र माणूस मोकळा लागतो. मधला घरी असताना आणि धाकट्याला दुसऱ्यांदा शिकवताना थोरल्याचे तास साठत गेले. नोंदवहीत त्याच्या नावापुढचा आकडा दर चक्राला वाढत होता आणि शेवटी कमाल मर्यादेला टेकला होता. नोकरी सोडताना शिल्लक कॉम्प टाइम रोखीने चुकवावाच लागतो, त्यात घासाघीस नाही. चाळीस तासांच्या आठवड्याने बारा आठवड्यांचा पगार एका चेकने गेला. उडवलेला भत्ता त्या रकमेपुढे चिल्लर होता.

आता काउंटीत एफटीओचा कोर्स केलेलं कुणीच नव्हतं. शेरीफने धाकट्याला विचारलं. अवघा तेवीस वर्षांचा, एकट्याने गाडी चालवायला लागून पुरतं दीड वर्षही झालेलं नाही. त्याने नाही म्हटलं नाही, पण अटी कागदावर मागितल्या: भत्ता, तक्ता भरायला पाळीतलाच वेळ, आणि प्रशिक्षणाचे आठवडे मध्येच तोडायचे असतील तर शेरीफची लेखी सही. कमिशनने तिन्ही मान्य केल्या. जोडीला कार्यालयाने कॉम्प टाइमची स्वतःची मर्यादा 120 तासांवर आणली, त्यापुढे रोख.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीतला निर्णय चुकीचाच होता असं म्हणायला मी तयार नाही. शेरीफपुढे सात रात्री होत्या आणि माणसं नव्हती. पण तो निर्णय लेखी नव्हता आणि त्याला शेवटची तारीख नव्हती. "तीन आठवडे, मग पुन्हा बघू" एवढं लिहिलं असतं तरी मेमध्ये सापडलेला शेजारचा एफटीओ फेब्रुवारीतच शोधावा लागला असता. शेजारची काउंटी तेव्हाही तिथेच होती. मदत मागणं म्हणजे निवडणुकीच्या वर्षात कमीपणा घेणं, ही खरी अडचण.

बॉन्डबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. नव्या भरतीतल्या, जेलमध्ये काम करणाऱ्या मुलीने त्यावर सही केलीये, ती सध्या योडरला आहे. बॉन्डमुळे ती दोन वर्षं थांबेलही. तिसऱ्या वर्षी काय, याचं उत्तर त्या कागदात नाही.

थोरल्याच्या बाबतीत मात्र काय हुकलं ते नोंदवहीत दिसत होतं. वर्षभर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, धाकटा राहील का? तो जाणार हे तो सांगून मोकळा झाला होता. थोरला बोलणाऱ्यातला नव्हता. त्याच्या वतीने कॉम्प टाइमचा रकाना बोलत होता, आणि तो रकाना कमिशनपुढे मांडायची पद्धतच नव्हती. पगारपत्रक मांडलं जातं, साठलेली रजा नाही, कारण ती खर्च होईपर्यंत खर्च समजत नाहीत. 2026 च्या अंदाजपत्रकाच्या कागदांत कार्यालयातल्या प्रत्येकाच्या साठलेल्या तासांचं एक पान जोडलंय. त्यात सध्या सगळ्यात मोठा आकडा डिस्पॅचच्या टेबलावरच्या त्या बाईंचा आहे. 120 तासांची मर्यादा डेप्युटींपुरती केली होती. ती त्यांनाही लावायची की नाही, हा विषय पुढच्या बैठकीत आहे.